चेंडू जमिनीला लागेपर्यंत

२७ मार्च

"चेंडूकडे बघणारा उशिरा पोचतो. तू कान दे. लाथेचा आवाज आला की सूट."

मिसिसिपीतल्या आमच्या शाळेच्या धुळीच्या मैदानावर पेटवे मास्तर डेलला हे म्हणाले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. मी कुंपणाबाहेर त्याला घरी न्यायला उभी होते. आईला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं आणि त्याला खाऊ घालण्यापासून त्याचे मोजे धुण्यापर्यंत सगळं माझ्याकडे आलं होतं. त्या एका वाक्यावर माझ्या भावाने आयुष्य काढलं. आज दिवसभर ते डोक्यातून जात नाही, कारण फ्लोरिडातल्या कुठल्याशा हॉटेलात जमलेल्या संघमालकांनी हात वर करून ते रद्द केलं.

पुढच्या हंगामापासून आमच्या अमेरिकन फुटबॉलमधला किकऑफ बदलणार. आतापर्यंत एक संघ लाथ मारून चेंडू लांब उडवायचा, समोरचा तो झेलून पळत यायचा, आणि लाथ मारणाऱ्याच्या बाजूचे दहा जण अर्धं मैदान जीव खाऊन धावत जाऊन त्याला आडवा करायचे. माझा कॉर्डेल, म्हणजे आमचा डेल, त्या दहांतला एक. चौतिशीला आला, बारा वर्षं हेच करतोय. चेंडू हातात घ्यायला त्याला कधी कुणी दिला नाही, त्यानेही मागितला नाही. आता म्हणे त्या दहांना आधीच पुढे नेऊन उभं करायचं, समोरच्या रांगेपासून पाच यार्डांवर. चेंडू मागून येऊन डोक्यावरून जाणार, आणि तो पुढे जमिनीला लागेपर्यंत किंवा कुणी झेलेपर्यंत ह्यांनी हलायचं नाही. पुतळे व्हायचं.

हे मी वहीला कशाला समजावतेय? राग आला की माणूस पाढ्यांपासून सुरुवात करतो.

कारण काय, तर सुरक्षितता. लांबून धावत येऊन आपटलेल्या माणसांची डोकी दुखावतात, हे सुटातल्या लोकांना आता कळलं. बारा वर्षं हा माणूस तुमच्यासाठी आपटत होता तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवत होतात. गेल्या नोव्हेंबरात बर्फात तो पडला आणि बराच वेळ उठला नाही, तेव्हाही तुम्ही उभे राहून टाळ्याच वाजवल्यात. आता तो म्हातारा व्हायला आला, त्याला दुसरं काही येत नाही, आणि आता तुम्हाला कळवळा.

डेल टीव्हीसमोर एक डोळा मिटून बसला होता. मी म्हटलं, "डोळा काय मारतोस? तुझं काम गेलं."

"अर्ध्याच डोळ्याने बघण्यासारखी बातमी आहे, ताई," तो म्हणाला आणि आवाज कमी केला.


१४ एप्रिल

चर्चला जातानाही गाडी मीच चालवली. आठवडाभर शाळेची बस मी चालवायची, आणि रविवारी ह्याचीही गाडी. "तुझ्यासारखं कोण चालवणार," म्हणतो. लहानपणी मला त्याच्याकडून एक गोड शब्द ऐकायला किती वाट बघावी लागायची. आता पायऱ्या उतरतानाही माझा कोपर धरतो. त्याची बायको त्याला सोडून गेल्यावर मी मिसिसिपीहून इथे तळ्याकाठी त्याच्याकडे राहायला आले, त्यालाही बरीच वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्याने असा कोपर धरला नव्हता. नियमाने त्याला हळवं केलं असावं.

त्यांच्या नियमाबद्दल एवढं एक भलं बोलते.


२ जून

मालाकाई जेवायला आला होता. संघात किकऑफच्या रांगेत डेलच्या डाव्या हाताला उभा राहतो तो. टोंगा बेटांवरचा, दाराएवढा रुंद. पहिल्या वर्षी कुणी घर भाड्याने देईना तेव्हा डेलने त्याला आमच्या तळघरात ठेवलं होतं. तेव्हापासून तोही मला ताई म्हणतो आणि न विचारता फ्रीज उघडतो.

"ताई, अजून एक ऐकलंस का? मुद्दाम छोटी लाथ मारून आपलाच चेंडू आपण पळवायची युक्ती होती ना? तीही आता पंचांना आधी सांगून करायची."

"आधी सांगून?"

"हो. 'साहेब, आम्ही आता दगा देणार आहोत, आपली परवानगी आहे ना?' आणि तेही फक्त शेवटी, हरत असलो तरच."

"चोराने पोलिसाला वेळ कळवून यायचं," डेल म्हणाला. खूप हसलो. मग मालाकाईने टोपलीतलं संत्रं उचलून डेलकडे फेकलं. डेलने हात वर केला, पण संत्रं त्याच्या छातीवर आपटून खाली गडगडलं. मालाकाई हसायचा थांबला.

"मूड नाही झेलाझेलीचा," डेल म्हणाला. मला वाईट वाटलं. खेळकर माणसाला खेळ नकोसा करून टाकलाय ह्यांनी.

वसंतातल्या सरावात तो रोज लाथेच्या आवाजाबरोबर सुटतोय म्हणे, आणि रोज सगळे थांबून पुन्हा उभे राहतायत. सुटणारच. तुम्ही घोड्याला बारा वर्षं घंटेवर पळवायचं आणि मग म्हणायचं, घंटा नुसती ऐकत जा.


२६ जुलै

मोठ्या सरावाचा पहिला दिवस, लोकांसाठी खुला. ॲल्युमिनियमच्या बाकावर बसून माझी मांडी भाजली. किकऑफ सुरू झाला. लाथ बसली, डेल सुटला, पंचांचा दंडाचा पिवळा रुमाल पडला. पुन्हा लाथ, पुन्हा डेल, पुन्हा रुमाल. माझ्या मागे एक ढेरपोट्या हातात बियर घेऊन ओरडला, "ए सदतीस नंबर, घाई आहे का? बाथरूम तिकडे आहे."

बाकावरचे सगळे हसले. मी मागे वळून म्हटलं, "तुम्ही उठून स्वतःची बियर तरी धावत जाऊन आणाल का?" त्याची बायको मनापासून हसली. त्याने बियरमध्ये तोंड घातलं.

पण तिसऱ्या वेळी डेल सुटलाच नाही. सगळे गेले आणि तो उभा. समोरच्याने येऊन त्याला ढकललं तेव्हा तो निघाला. लाजेने असेल. माणसाला इतकं टोकलं की त्याला पाऊल उचलायची भीती वाटू लागते.


३१ जुलै

आज हॅस्केल कुंपणाशी आला. ह्या दहांना तयार करणारा प्रशिक्षक तो. साठीचा, सूर्याने भाजलेल्या मानेचा. डेलचं त्याच्याशी बरं आहे, म्हणून मी इतके दिवस जीभ आवरून होते.

"रेनेटा, तुझ्या भावाला झालंय काय?"

"तुम्हीच सांगा, कोच. नियम तुम्ही लोकांनी बदललात."

"मी बदलला नाही. माझं कोण ऐकतंय? पण बघ, हा कधी आधी सुटतो, कधी उशिरा. आधीचं समजतं. सवय असती तर नेहमी आधीच सुटला असता. उशिराचं मला कळत नाही."

"तुम्ही त्याच्या अंगावर रोज ओरडता. घाबरतो तो."

"डेल? घाबरतो?" त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. "डॉक्टरांकडून तपासून घेतलं मी त्याला. गुडघे, कान, डोळे, सगळं. एकेक डोळा उत्तम. पोराच्या डोळ्यासारखा."

म्हणजे संशय घ्यायचाच होता. बारा वर्षं खेळलेल्या माणसाला बाजारातल्या घोड्यासारखं दात उघडून तपासलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येताना गाडीत मी डेलला म्हटलं, "तुला काढायला निमित्त शोधतायत ते." तो खिडकीबाहेर बघत होता. "असेल," म्हणाला.


११ ऑगस्ट

काल पहिला सराव-सामना. दोन दंड, दोन्ही डेलचे. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, "जुन्या शाळेचा खेळाडू, नवा धडा." अगदी मऊ आवाजात. मी टीव्ही बंद केला आणि भांडी घासली. स्वच्छ होती तीही घासली.

त्या संघमालकांना मी एक पत्र लिहायला घेतलं होतं मनात. तुमच्या नव्या किकऑफने खेळ बदलेल, जखमी कमी होतील, झेलणाऱ्यांना मोकळं रान मिळेल, लोकांना मजा येईल. सगळं खरं असेल. पण ज्यांच्या अंगावर तुमचा जुना खेळ उभा होता, त्यांना ह्या नव्यात कुठे उभं करायचं, हे त्या हॉटेलात एकाने तरी विचारलं का?


१९ ऑगस्ट

आनंद. शनिवारच्या सामन्यात डेल एकदाही आधी सुटला नाही, एकदाही मागे राहिला नाही. दोघांना आडवं केलं. हॅस्केलने टोपी हवेत उडवली, ते टीव्हीवर दिसलं.

आज जेवताना गुपित कळलं. मालाकाईने मक्याच्या पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि अचानक टेबलावर हात आपटून म्हणाला, "जा!" डेल खुर्चीवरून ताडकन उठला. दोघं हसून लोळायचे बाकी राहिले.

"हे काय आहे?"

"हेच आहे, ताई," मालाकाई म्हणाला. "चेंडू पडला की मी 'जा' म्हणतो. हा जातो. नियमात बोलायला बंदी कुठेय?"

मी मालाकाईला गोडाचा पीच कॉबलर दोनदा वाढला, वर आइस्क्रीम. त्यांनी माझ्या भावाचे कान काढून घेतले होते, ह्याने परत आणून दिले. डेलने चहा ओतताना ग्लासाच्या बाहेर बराच सांडला. मी म्हटलं, "आनंदात सांडतो, पुसते मी."


२७ ऑगस्ट

आज संघ ठरायचा दिवस. ज्याला काढायचं त्याला एक माणूस फोन करतो, "कोचनी बोलावलंय, डावपेचांचा टॅबलेट परत घेऊन ये." एवढंच. त्या माणसाचं नाव आमच्या घरात कुणी उच्चारत नाही.

डेल आणि मालाकाई सकाळपासून अंगणात बसले होते. फोन मध्ये ठेवलेला, पालथा. मी कॅटफिश तळत होते आणि तेलाच्या आवाजात फोनचा आवाज शोधत होते. एकदा वाजला. आमच्या चर्चच्या बाईंचा होता, बटाट्याच्या सॅलडबद्दल. मी त्यांना जे बोलले त्याबद्दल त्यांची माफी मागावी लागेल.

चार वाजून गेले. मुदत संपली. फोन आला नाही. डेल राहिला. मालाकाई राहिला.

डेलने मला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. "ताई, अजून एक वर्ष," म्हणाला. मी त्या सुटातल्या लोकांना मनातल्या मनात सांगितलं, बघा, बदला काय बदलायचं ते.


३ सप्टेंबर

आज लिहून ठेवलंच पाहिजे.

आज माझ्या बसच्या परवान्यासाठी तपासणी होती. दर खेपेसारखी. त्या मुलीने एक डोळा झाकायला काळा चमचा दिला आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. शेवटच्या ओळीला मी अंदाजपंचे एक अक्षर ठोकलं आणि ते बरोबर निघालं. घरी येऊन डेलला हेच रंगवून सांगत होते. तो स्वयंपाकघरात बसला होता. मी ओगराळं त्याच्या हातात दिलं. "घे, झाक डोळा. भिंतीवरचं कॅलेंडर वाच. तुला तरी बस मिळते का बघू."

त्याने डावा झाकला, वाचलं. उजवा झाकला, वाचलं. खालचं बारीक अक्षरातलं दुकानाचं नावही. मी म्हटलं, "वा. आता दोन्हींनी."

ओगराळं खाली ठेवून तो उठला.

"बस ना. दोन्हींनी वाच."

"दोन्हींनी कशाला?" तो म्हणाला. "दोन्हींनी कुणी तपासत नाही."

असं कुणी म्हणत नाही. ज्याला नीट दिसतं तो असं म्हणत नाही. मी त्याच्या तोंडासमोर एक बोट धरलं. "किती?"

"ताई, पुरे."

"किती, डेल?"

त्याने मान माझ्या बोटाकडे वळवली. मग एक डोळा मिटून घेतला, टीव्हीसमोर मिटतो तसा, आणि म्हणाला, "आता एक."


४ सप्टेंबर

नोव्हेंबरपासून. त्या बर्फातल्या धडकेपासून त्याला प्रत्येक गोष्ट दोन दिसते, शेजारी शेजारी. गाडी म्हणून चालवत नव्हता. पायरी म्हणून कोपर धरत होता. संत्री दोन आली होती, त्याने चुकीच्या संत्र्याला हात घातला. आणि मी त्यात माया बघत होते.

जुन्या किकऑफला ह्याचं काही अडत नव्हतं. लाथेचा आवाज ऐकायचा, धावायचं, जे अंगावर येईल त्याला आपटायचं. नव्या नियमाने त्याला फक्त एकच गोष्ट सांगितली, उभा राहा आणि चेंडू पडतो ते बघ. आणि तेच त्याला येत नव्हतं. सगळा उन्हाळा मी ज्या नियमाला शिव्या घातल्या, एवढ्या सगळ्यांत ह्याचे डोळे तपासणारा तोच एक निघाला.

आज सकाळी मी ओरडले. आई गेल्यानंतर त्याच्यावर इतकी कधी ओरडले नसेन. त्याने ऐकून घेतलं.

"ताई, आता धोका नाही," तो म्हणाला. "आता धडक पाच यार्डांची. तूच पेपरातून वाचून दाखवलंस ना, सुरक्षित केलंय म्हणून."

"दोन माणसं दिसतात तुला. त्यातला खरा कोणता ते तुला कळत नाही."

"कळतं. बहुतेक वेळा."

"आणि डोक्यात आत काय झालंय ते?"

"एक वर्ष. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे."

"आणि ह्या वर्षात दोन्ही डोळे गेले तर?"

"तर बस तूच चालव," तो म्हणाला, आणि मला हसवायला बघत होता. त्या हसवण्याचा मला इतका राग आला की मी ताट तसंच सोडून उठले.


५ सप्टेंबर

संघाच्या डॉक्टरांच्या कार्यालयात फोन केला. फोनवरची बाई फार गोड. खेळाडूने आपल्याला त्रास नाही असं सांगितलंय, तपासणी स्वच्छ आहे, आणि त्यांच्याबद्दल कुटुंबीयांशी बोलता येत नाही. मी म्हटलं, "दोन्ही डोळे उघडे ठेवून एकदा तपासा, एवढंच सांगा त्यांना."

"आपला निरोप नोंदवते."

"नोंदवू नका, सांगा."

"आपला दिवस चांगला जावो."

हॅस्केललाही फोन केला. हंगाम सुरू होताना तो खेळाडूंच्या घरच्यांचे फोन घेत नाही.

संध्याकाळी मालाकाई आला, माझा चेहरा बघून दारातच थांबला.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"जूनपासून. संत्र्यापासून." त्याने मान खाली घातली. "मी त्याला विचारलं होतं, ताई, की दोन येतात तर तू पाडतोस कुणाला? म्हणाला, डावीकडच्याला. बहुतेक तोच खरा असतो."

"आणि तू हसलास."

"हसलो. काय करायला हवं होतं?"

"सांगायला हवं होतं."

"कुणाला? त्याने मला तळघरात ठेवलं. रांगेत कसं उभं राहायचं ते त्याने शिकवलं. मी त्याला रांगेतून बाहेर काढू?" मग हळू म्हणाला, "तो म्हणतो, नियमाने संपवलं असतं तर चाललं असतं. नियमाने सगळेच संपतात. डोळ्यांनी संपला असं लोकांनी म्हणू नये."

"आणि रविवारी, पहिल्या सामन्यात?"

"रविवारी मी 'जा' म्हणेन आणि तो जाईल."

त्याला मी जेवायला वाढलं नाही. माझ्या घरातून कुणी न जेवता गेल्याचं मला आठवत नाही.


७ सप्टेंबर

उद्या पहिला सामना. नेहमीसारखे संघातले सगळे आदल्या दिवशी, आज दुपारीच, हॉटेलवर गेले. हॉटेलच्या दारात मी गाडी थांबवली. डेल उतरला, पाठीवर पिशवी घेऊन. फूटपाथच्या कडेशी त्याचा पाय एकदा हवेतच थांबला, मग बरोबर जागी पडला. मागे वळून त्याने हात हलवला. मी कुठे आहे असं त्याला वाटत होतं कोण जाणे. माझ्या थोडा उजवीकडे बघून हसत होता.

बराच वेळ मी गाडीतच बसून राहिले. राग इतका आहे की तो कुणावर काढायचा तेच कळत नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांवर, गोड बोलणाऱ्या बाईवर, दोन-दोन माणसांवर धावून जाणाऱ्या माझ्या भावावर. प्रत्येकाने आपलं काम चोख केलंय. एकेक डोळा उत्तम आहे. बोलायला नियमात बंदी नाही.

मग मालाकाईला लिहिलं. तो नाहीच म्हणणार. त्याच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. तरी पाठवलं, ते असं:

"मालाकाई, परवा तुला उपाशी पाठवलं ते माझं चुकलं, पुढच्या वेळी भरून काढीन. आता एक मागते. उद्या 'जा' म्हणू नकोस. चेंडू पडेल आणि तो उभा राहील. समोरचा येऊन त्याला पाडेल, पण पाच यार्डांवरूनच, त्याहून लांबून नाही, एवढं तरी त्या लोकांनी केलंय. त्याला नीट दिसत नाही हे मग सगळ्यांना दिसेल. हॅस्केल ती फिल्म पुन्हा पुन्हा बघेल आणि त्याला दोन्ही डोळे उघडे ठेवून कुणीतरी तपासेल. तो तुला माफ करणार नाही, मलाही करणार नाही. करू नये. तू फक्त त्याच्या शेजारी उभा राहा, आणि एकदा गप्प बस."